नवसाचं वजन

१ जानेवारी, बुधवार. पहाटे ५:४०

आजपासून रोजनिशी. वही मी काम करतो त्या कापड मार्केटमधली आहे, मागच्या बाजूला साड्यांचे डिझाइन नंबर लिहिलेले आहेत. पुढची बाजू माझी. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

संकल्प एकच. या चैत्रात हेत्वीचा नवस फेडायचा.

सहा वर्षांपूर्वी नात झाली, तेव्हा तिचं वजन एक किलो दोनशे ग्रॅम होतं. काचेच्या पेटीत ठेवली होती. माझी लेक जयश्री पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून सप्तशृंगीला हात जोडले. म्हणालो, आई, हिचं वजन वाढू दे, मी हिला कडेवर घेऊन गडाच्या सगळ्या पायऱ्या चढेन. अनवाणी. अनवाणी का म्हणालो ते आठवत नाही. घाबरलेलो होतो.

देवीनं आपलं काम केलं. माझं राहिलं. दोन वर्षं करोना, एक वर्ष सुतक, एक वर्ष लग्नसराईचा माल, एक वर्ष गुडघा. कारणं सगळी खरी आहेत. पण एका ओळीत लिहिल्यावर बरी दिसत नाहीत.

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. हे काही वय नाही. गावाकडे या वयाची माणसं विहिरी खणतात.

पोटसंकल्प: (१) रोज पहाटे चालणं. (२) चार मजले ओझं घेऊन चढणं. (३) गच्चीवर झेंडू लावून देवीला स्वतःच्या हातच्या फुलांची माळ. (४) नाश्त्याचा तेलकट लोचो बंद.

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७:३०

पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत चाललो. उत्तम वाटलं. येताना रिक्षा केली, कारण हेत्वीला शाळेत सोडायचं होतं. तिचे आई-बाप इच्छापोरला राहतात. जावई योगेश तिथल्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, जयश्रीही कामाला जाते. शाळा इकडे चांगली, म्हणून पोरगी आमच्याकडेच राहते. तिच्याबरोबर तिची मांजरही आमच्याकडे. मांजर पिवळी आहे, म्हणून तिचं नाव खमण. हेत्वीनंच ठेवलं.

लोचो खाल्ला नाही. खमण खाल्लं. खमणाबद्दल काही ठरलं नव्हतं. (इथे मांजर अभिप्रेत नाही.)

५ जानेवारी, रविवार. सकाळी ११

खाली भूपेंद्रभाईंचं धान्याचं दुकान आहे. त्यांच्या मोठ्या काट्यावर हेत्वीला उभी केली. वीस किलो चारशे.

मी म्हणालो, काटा जरा जास्त दाखवतो वाटतं. भूपेंद्रभाई म्हणाले, "काका, बारा वर्षं याच काट्यावर गहू नेता, तेव्हा कधी बोलला नाहीत." मग कारण विचारलं. मी नवसाचं सांगितलं. ते बराच वेळ हसले. म्हणाले, "पहिल्याच वर्षी फेडला असता तर पिशवीत घालून नेता आली असती. आता दर महिन्याला नवस महाग होत चाललाय." दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. एकानं विचारलं, गडावर आता रोपवे आहे ना?

आहे. पण मी पायऱ्या म्हणालो होतो. देवीशी बोलताना शब्द जपून वापरावेत.

वर आलो तर गावाहून आईचा फोन. तिला दर रविवारी तेच आठवतं. "बापू, देवीना नवस बाकी ठेवू नको रे." मी म्हणालो, तयारी सुरू आहे. ती म्हणाली, "मागला सालबी तेच सांगेल व्हतं तू." सत्याहत्तर वर्षांची झाली, पण स्मरणशक्ती चांगली आहे.

८ जानेवारी, बुधवार. रात्री ९

वीस किलो गव्हाची गोणी खांद्यावर घेतली. आम्ही चौथ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, हा एक फायदाच म्हणायचा. पहिल्या मजल्यापर्यंत गेलो.

दोष गोणीचा आहे. गव्हाचं ओझं मेलेलं असतं, एका बाजूला ढळतं. पोरगी जिवंत असते, ती स्वतः धरून बसते. तेव्हा गव्हावरून अंदाज बांधणं चूक आहे. गोणी पहिल्या मजल्यावर ठेवून आलो. संध्याकाळी रंजनानं, माझ्या बायकोनं, ती वर आणली. मला वाटलं काही बोलेल. पीठ संपत आलंय एवढंच म्हणाली.

१० जानेवारी, शुक्रवार

शांतपणे विचार केला. कोणतीही गोष्ट टप्प्याटप्प्यानं करावी. आधी शरीराला ओझ्याच्या आकाराची सवय, मग वजनाची.

मार्केटमध्ये चिंधी ढिगानं पडलेली असते. मी साड्या तपासायचं काम करतो, डागाचे, फाटके तुकडे माझ्या पायाशीच असतात. गव्हाच्या रिकाम्या गोणीत चिंधी ठासून भरली. आकार तोच. वजन साधारण चार किलो.

चार मजले चढलो. न थांबता.

१४ जानेवारी, मंगळवार. उत्तरायण. दुपारी १

सगळी बिल्डिंग गच्चीवर पतंगाला. सकाळी माझा नियम चुकवायचा नाही म्हणून गोणी घेऊन वर गेलो. दुसरा काही हेतू नव्हता. गच्चीच्या दारात मी गोणी घेऊन उभा राहिलो आणि कोणीतरी ओरडलं, "अरे, काकांना बघा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिक्की पुढे केली. दुसऱ्या मजल्यावरचे प्रवीणभाऊ म्हणाले, या वयात वीस किलो म्हणजे कमाल आहे. मी वजनाबद्दल काही बोललो नाही. खोटंही बोललो नाही.

हेत्वी टाकीजवळ उभी राहून सगळ्या पोरांना सांगत होती, "मारा नाना मने ऊंचकीने डुंगर चढवाना छे!" नाना मला उचलून डोंगर चढवणार. तिचं तोंड तिळाच्या चिक्कीनं चिकट झालं होतं. माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा मी गोणी जरा वर सरकवली.

आता लिहिताना बरं वाटत नाही. पण तीन महिने आहेत. चैत्रापर्यंत चिंधीच्या जागी हळूहळू गहू भरत जायचं. आज जे खोटं आहे ते तेव्हा खरं होईल.

२७ जानेवारी, सोमवार

हेत्वीनं शाळेत चित्र काढलं. डोंगर, वर देऊळ, खाली मी. माझ्या खांद्यावर ती. माझे पाय झाडाच्या बुंध्याएवढे. बाईंनी वर्गाच्या भिंतीवर लावलं आहे. रंजना बघून आली. म्हणाली, "चित्रात तुम्ही हसताय."

गोणीत अर्धा किलो गहू वाढवला. गुडघ्याला जाणवला. काढून टाकला. थंडीत सांधे धरतात, थंडी गेल्यावर पाहू.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

वजन एकवीस किलो. भूपेंद्रभाई म्हणाले, "भाव वाढला, काका."

बागेची प्रगती: झेंडूची रोपं चौदा. पैकी पाच कुंड्यांत खमण झोपते, तिथली रोपं आडवी झाली. मांजरीला रागावलो. ती डोळे मिटून पडून राहिली. तिला काही संकल्प नाही, त्यामुळे लाजही नाही. नऊ रोपं म्हणजे एकेकाला तीन फुलं धरली तरी सत्तावीस. माळ होते.

चालणं थोडं मागे पडलं आहे. पण सकाळी बागेत उभा असतोच. उभं राहणं हाही व्यायाम आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास केला. वजन कमी होईल असं मनात आलं. देवाच्या उपासात आपला हिशेब घुसवला, म्हणून वाईट वाटलं. मग साबुदाणा दोनदा घेतला, म्हणजे हेतू शुद्ध झाला.

दिवसभर एक विचार येत होता. मी दुसऱ्याच्या मालातला डाग लांबून ओळखतो. पाच वार साडी डोळ्यांपुढून झर्रकन गेली तरी कुठे धागा सुटलाय ते सांगतो. मार्केटमध्ये म्हणतात, सुकदेवभाऊंच्या नजरेतून डॅमेज माल सुटत नाही. घरी मात्र मी चिंध्यांची गोणी घेऊन चार मजले चढतो आणि उतरताना कोणी भेटलं तर धापा टाकतो. धापा टाकायचं कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप येतं.

१३ मार्च, गुरुवार. होळी. संध्याकाळी ६

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण पहिल्या पानावर खरं लिहायचं म्हटलं आहे.

पुरणपोळी होती. जयश्री आणि योगेशरावही आले होते. हेत्वीनं दोन खाल्ल्या आणि तिसरीला हात पुढे केला. मी म्हणालो, "बस झालं. इतकं जड खाऊ नये पोरींनी."

तिनं हात मागे घेतला. योगेशराव म्हणाले, खाऊ द्या ना, सण आहे. मी म्हणालो, तिच्या भल्यासाठीच सांगतो. रंजना पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी ही पोर कापसाच्या बोळ्यानं दूध प्यायची. एक चमचा पोटात राहिला की तुम्ही पेढे वाटायला निघायचात."

जयश्री उठून आत गेली. रंजनानं तव्यावरची पोळी तूप लावून हेत्वीच्या ताटात वाढली. हेत्वी माझ्याकडे बघत म्हणाली, नको, पोट भरलं.

पोट भरलं नव्हतं. मला माहीत आहे, कारण नंतर ती ओट्याजवळ उभी राहून खात होती, मला पाठ करून.

नवस तिच्या वजनासाठीच होता. देवीनं घास घास करून ते वाढवलं, आणि मी ताटावर हात धरला.

देवापुढे दिवा लावला. काही मागितलं नाही.

१५ मार्च, शनिवार

नवीन निश्चय. गोणीत उद्यापासून खरे गहू. थेट दहा किलो.

१६ मार्च, रविवार

आज रविवार, विश्रांतीचा दिवस.

२२ मार्च, शनिवार

लग्नसराईचा माल आला. उभा आठवडा साड्यांच्या ढिगात गेला. घरी आल्यावर गोणीकडे पाहिलं. गोणी तशीच होती. शेजाऱ्यांना खंड दिसू नये म्हणून एकदा वर-खाली करून ठेवली. चिंधीचीच.

हेत्वी आता कडेवर बसायची प्रॅक्टिस करते. म्हणजे रंजनाच्या कडेवर. रंजना तिला घेऊन कपडे वाळत घालते, फोनवर बोलते, कुकरच्या शिट्ट्या मोजते. तिच्या लक्षातही येत नाही की कडेवर एकवीस किलो आहेत.

३० मार्च, रविवार. पाडवा. सकाळी १०

सर्व संपलं.

सकाळी गुढी उभारली. सगळ्या मजल्यांची दारं उघडी होती, माणसं नवे कपडे घालून जिन्यात. मी गोणी घेऊन निघालो. सणाच्या दिवशी नियम मोडू नये, असं मी रंजनाला म्हणालो होतो. ती म्हणाली, आज राहू द्या. ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या मजल्यावर खमण गोणीवर बसायला म्हणून उडी मारून आली. गोणी तिच्या ओळखीची आहे, ती दुपारी तीवरच झोपते. नखं अडकली. मी झटका दिला. शिवण उसवली.

चिंध्या बाहेर आल्या. मी दाबून धरल्या तर दुसरीकडून आल्या. लाल, जांभळ्या, पोपटी, जरीच्या, टिकल्यांच्या. जिन्यातून दोन मजले खाली पसरत गेल्या. काही कठड्यावरून तरंगत भूपेंद्रभाईंच्या दुकानासमोर पडल्या. सगळे बघत होते. प्रवीणभाऊ म्हणाले, "काका, या गव्हाला रंग कोणता दिला?"

हसू फुटलं. लोक वाईट नाहीत. मीही हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात हेत्वी वरून पळत आली. तिनं चिंध्या पाहिल्या. गोणीत डोकं घालून पाहिलं. म्हणाली, "नाना, गहू कुठे गेले?"

वरच्या पायरीवर रंजना उभी होती. म्हणाली, "दळायला दिले. रिकाम्या गोणीत मीच भरल्या चिंध्या, पायपुसणी शिवायला." आणि खाली येऊन एकेक गोळा करू लागली. हेत्वीनं जरीच्या निवडून वेगळ्या ठेवल्या.

घरात आल्यावर मी रंजनाला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, "दहा जानेवारीपासून. तुम्ही गोणी उतरवली आणि आवाज झाला नाही."

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

पौर्णिमेला गडावर फार गर्दी असते, म्हणून वीस तारीख ठरली आहे. योगेशराव गाडी सांगणार. शनिवारी मुक्काम, रविवारी सकाळी चढणं. चौदा दिवस उरले आहेत.

आज खरी प्रॅक्टिस. हेत्वीलाच कडेवर घेतलं. आमच्या दारातून गच्चीपर्यंत एकोणीस पायऱ्या. बाराव्या पायरीवर थांबलो. तिनं गळ्याभोवतीचे हात घट्ट केले आणि कानात म्हणाली, थांबा नाना, मी श्वास धरून ठेवते, म्हणजे मी हलकी होईन. गाल फुगवून बसली. पुढच्या सात पायऱ्या चढलो.

वर गेल्यावर म्हणाली, "जोयु? हलकी थई गई ने?" बघितलंत, झाले ना हलकी?

मी हो म्हणालो. झेंडूला पाणी घातलं. नऊपैकी चार रोपं उन्हानं गेली. आठ कळ्या आहेत.

आत्मविश्वास वाटतो आहे. एकोणीस झाल्या म्हणजे गडाच्या पाचशे हा केवळ तेवढंच पुन्हा पुन्हा करण्याचा प्रश्न आहे.

१३ एप्रिल, रविवार

वजन एकवीस किलो सहाशे. भूपेंद्रभाईंनी आज चेष्टा केली नाही. म्हणाले, "काका, रोपवेनं जा. देवी काय काटा लावून बसली नाही." मी म्हणालो, शब्द दिलाय. ते म्हणाले, "मग अर्धं तरी जेवण कमी करा. तुमचं, तिचं नाही." होळीची गोष्ट यांना कोणी सांगितली?

गुडघ्याला रोज शेकतो. गावाकडे माझे वडील बैलानं मान टाकली की स्वतः जू धरायचे. त्यांचा गुडघा कधी दुखला नाही. किंवा दुखला असेल, त्यांनी वहीत लिहिलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार. गडावर, पायऱ्यांखालची धर्मशाळा. संध्याकाळी ६:३०

सकाळी निघालो. बारडोलीला उसाचा रस प्यायलो. हेत्वीनं दोन ग्लास घेतले. मी म्हणालो, अजून एक घे. ती माझ्याकडे बघत राहिली, मग नको म्हणाली. खमणला शेजाऱ्यांकडे ठेवलं आहे.

माळ झाली नाही. तीनच फुलं उमलली. ती खिशात ओल्या फडक्यात ठेवली आहेत. तीन का होईना, घरची आहेत.

खोलीच्या खिडकीतून पायऱ्या दिसतात. खालून फार वाटत नाहीत. उद्या पहाटे साडेसहाला सुरुवात. योगेशराव म्हणाले, मी मागे चालतो, लागलं तर घेईन. मी म्हणालो, लागणार नाही. जयश्री म्हणाली, "बाबा, नाही झालं तरी चालेल हो." नाही झालं तर, हा शब्दच मनात आणायचा नाही. योगेशरावांना आणि जयश्रीला रोपवेनं वर जाऊन थांबायला सांगितलं आहे. माणसं मागे असली की चालणाऱ्याचं लक्ष विचलित होतं.

आई, एवढं करून घे.

२० एप्रिल, रविवार. गडावर, मंदिराबाहेर. सकाळी ९:४०

लिहून टाकतो, नंतर बदलून लिहिलं जाईल.

साडेसहाला पहिल्या पायरीला हात लावला. चपला काढल्या. हेत्वीला कडेवर घेतलं. तिनं नवा फ्रॉक घातला होता, केसांत जरीची चिंधी बांधली होती, त्याच गोणीतली. रंजना मागे. हेत्वी मोठ्यानं पायऱ्या मोजत होती. चढणारी माणसं वळून बघत होती आणि जय अंबे म्हणत होती. मला फार बरं वाटलं. तिसाव्या पायरीपर्यंत फार बरं वाटलं.

मग मोजणं बंद झालं. मला वाटलं विसरली. दहा-बारा पायऱ्या तशाच गेल्या. तिच्याकडे पाहिलं तर गाल फुगलेले, तोंड लाल, डोळ्यांत पाणी. श्वास धरून बसली होती. स्वतः हलकी व्हावी म्हणून.

मी तिला खाली ठेवलं.

इथे असं लिहावंसं वाटतं की पोरीचा जीव कासावीस झाला म्हणून मी थांबलो. पण तिच्याकडे पाहण्याआधीच गुडघा गेला होता. टेकायला निमित्त शोधत होतो, म्हणून तर पाहिलं.

पायरीवर बसलो. हेत्वीनं पाठीवरून हात फिरवला. "नाना, थाकी गया?" मी म्हणालो, दोन मिनिटं. माणसं बाजूनं चढत होती. दोन मिनिटांची दहा झाली. उठायला गेलो, उठवेना. एक म्हातारी काठी टेकत आमच्या पुढे निघून गेली. तिनं माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की मान खाली घातली.

रंजनानं हातातल्या चपला माझ्या मांडीवर ठेवल्या, तिच्या आणि हेत्वीच्या. म्हणाली, "धरा." पदर खोचला. पोरीला कडेवर घेतलं, कुकरच्या शिट्ट्या मोजताना घेते तशीच. मी म्हणालो, नवस माझा आहे. ती म्हणाली, "दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही होतात. पेटीपाशी मी होते. मी काय पोथी वाचत होते का तिथे?"

इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही, तू काय बोलली होतीस.

ती चढत गेली. हेत्वीचं तोंड माझ्याकडे होतं. वळणापर्यंत हात हलवत होती.

मग मी चपला घेऊन उतरलो आणि रोपवेनं वर आलो. फार लवकर येतो रोपवे. लाज वाटायलाही पुरेसा वेळ मिळत नाही. वर जयश्री आणि योगेशराव उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. मी एकटा, हातात दोन जोड चपला. विचारायचं काय त्यात.

तासाभरानं दोघी आल्या. रंजना घामानं भिजलेली. तिनं निम्म्याच्या वर कडेवर आणलं, उरलेलं हेत्वी हात धरून चालली. आल्या आल्या हेत्वी रांगेतल्या बायकांना सांगू लागली, "मारा नाना मने ऊंचकीने लाव्या! सगळ्या पायऱ्या!" म्हणजे नानांनी मला उचलून आणलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात शिरपूरकडची एक बाई माझ्या पायाला हात लावून म्हणाली, भाग्यवान आजोबा. मी तोंड मिटलं.

हेत्वीनं माझ्याकडे पाहून हळूच डोळा मिचकावला. सहा वर्षांची पोर. खोटं कसं सावरायचं, हे तिनं आमच्याच घरी पाडव्याला, जिन्यात पाहिलं होतं.

गाभाऱ्यात फुलं काढली. दोन चेपली होती, एक बरं होतं. एक फ्रेश, दोन डॅमेज. तिन्ही हेत्वीच्या हातून वाहिली. देवीची मान एका बाजूला कललेली आहे. लहानपणापासून वाटत आलंय की ती कान देऊन ऐकते. आज सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ती तरी ऐकतच होती.

त्याच दिवशी, घरी. संध्याकाळी ७:१५

गाडीत हेत्वी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायच्या आधी हिशेब सांगून गेली. नाना सत्तेचाळीस. आजी पुष्कळ. मी उरलेल्या. मग विचारलं, "देवीला चालेल ना?"

मी म्हणालो, चालेल. मला माहीत नाही.

आईचा फोन येऊन गेला. रंजनानं घेतला. नवस फिटला म्हणाली. कोणी फेडला ते आईनं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

गाडी बिल्डिंगपाशी थांबली. भूपेंद्रभाई दुकानातून बाहेर आले. "काका, झाल्या का पायऱ्या?" मी म्हणालो, झाल्या. मग वहीचं पहिलं पान आठवलं. म्हणालो, "रंजनानं चढवलं." ते म्हणाले, "ते आम्हाला उत्तरायणापासून वाटत होतंच."

हेत्वी गाढ झोपलेली. मी खाली वाकून दोन्ही हात पुढे केले. चार मजलेच होते. योगेशरावांनी तोवर तिला खांद्यावर घेतलं होतं. रंजनानं पिशव्या उचलल्या. जयश्रीनं पाण्याचा जार.

चपला मी वर आणल्या. दोन्ही जोड. तिसऱ्या मजल्यावर एकदा बसलो.